सलोख्याचं पिस्तूल

ब्लागोतानं उभं आयुष्य डोंगरातल्या गावांतून विजेचे मीटर वाचण्यात घालवलं. मीटर स्वयंपाकघरात असायचं, आणि तिथं जायचं तर वाट बैठकीतून. बैठकीच्या भिंतीवर पणजोबांचं पिस्तूल. सगळ्या माँटेनेग्रोत घरोघरी हीच तऱ्हा. ज्या घरी वीज चोरलेली असे, तिथला मालक त्याला मीटरपर्यंत पोचूच देत नसे. पिस्तूल खाली काढून त्याच्या हातात देई, वर राकिया या घरगुती दारूचा पेला आणि धुरावलेल्या मांसाची ताटली. ब्लागोता पिस्तुलाचा चाप, नळी, मूठ न्याहाळत बसे आणि संध्याकाळी अंदाजानं आकडा लिहून घरी जाई.

"मला चोरांनी शिकवलं," तो स्वतःच सांगे. "कंपनी बुडाली, पण एक जाणकार तयार झाला. तोही अर्धकच्चा."

निवृत्त झाल्यावर मात्र लोक त्याला खरोखरच पिस्तूल पारखायला बोलावू लागले. हा पठ्ठ्या खिशातून भिंग काढी, घसा खाकरी आणि तोंडावर सांगे, "अस्सल व्हिएन्नाचं नाही हे. बेल्जियमची नक्कल. व्यापाऱ्यांनी पोत्यांनी आणली होती." यजमानाचा चेहरा उतरे आणि मांसाची ताटली आपसूक आत जाई.

"ज्या घरी जेवता त्याच घराचं छप्पर उचकटता," त्याची बायको दारिंका म्हणे.

"अगं, छप्पर खोटं असेल तर सांगायला नको?"

"पाऊस येतोय का आत? मग झालं तर!"

स्वतःच्या घरचं पिस्तूल मात्र या परखड माणसानं कधी उघडून पाहिलं नव्हतं. देवाची तसबीर उलटी करून तिची किंमत कोण बघतं?

त्या पिस्तुलाची कथाही तशीच होती. ब्लागोताचा पणजोबा सिमून यानं पाणवठ्याच्या भांडणात शेजारच्या योक्सिमच्या भावाला गोळी घातली होती. पुढं रीतीप्रमाणे सलोखा ठरला. सिमून तेच पिस्तूल गळ्यात अडकवून, गुडघ्यांवर रांगत, साऱ्या गावासमोर योक्सिमच्या अंगणात गेला. योक्सिमनं त्याला उठवलं, गालाचं चुंबन घेतलं, आणि रक्ताचं वैर संपलं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची 'कूम' झाली. पोरांच्या बाप्तिस्म्याला आणि लग्नाच्या साक्षीला यांची माणसं तिकडं, त्यांची इकडं. असं नातं सख्ख्या भावातही नसतं.

पण त्या पिस्तुलाचं पुढं काय झालं? ब्लागोताच्या घरी सांगत, योक्सिमनं ते मोठ्या मनानं परत केलं. योक्सिमचा पणतू मियुश्को याच्या घरी सांगत, सिमूननं ते कायमचं तिथं ठेवलं. दोन्ही भिंतींवर एकेक पिस्तूल होतंच. जेवायला बसलं की ज्याचं घर त्याची कथा. पाहुण्यानं मान डोलवायची आणि सूप प्यायचं. चार पिढ्या असंच चाललं.

यंदा तालुक्याच्या संग्रहालयातल्या नेवेनाबाईंनी दोन्ही घरी फोन केला. सलोख्याचं पिस्तूल त्यांना काचेत मांडायचं होतं, खाली एका घराचं नाव. कुठलं अस्सल ते ब्लागोतानंच सांगावं, दुसरा कोण सांगणार?

ब्लागोता फुशारला. दारिंका म्हणाली, "जाऊ नका. खोटं ठरलं त्या घराची अब्रू जाईल, आणि कूमही."

पण भिंग खिशात असलेल्या माणसाला कोण अडवणार? उशीच्या अभ्र्यात पिस्तूल गुंडाळून तो मियुश्कोच्या दारात हजर झाला.

"आधी तुझं काढ," बसता बसता तो म्हणाला.

"माझंच का?"

"माझं काय बघायचं? ते अस्सलच आहे."

मियुश्को भिंतीकडं गेला. पिस्तूल त्यानं टेबलावर ठेवलं, जरा आपटूनच. नळीवर व्हिएन्नाचं नाव झोकात कोरलेलं होतं. ब्लागोतानं स्क्रू काढून मुठीची हाडाची पट्टी उचलली. खाली अंड्याएवढा नाही, पण अंड्याच्या आकाराचा बारीक शिक्का आणि वर इवलासा मुकुट.

"बेल्जियम," तो म्हणाला. "आणि मुकुट म्हणजे १८९३ नंतरचं, त्याआधी शिक्क्यावर मुकुट नसे. सलोखा झाला १८८६ साली. वाईट वाटतंय रे, पण जे आहे ते आहे."

वाईट त्याला मुळीच वाटत नव्हतं. मीटर वाचायची खोड म्हणून त्यानं खालचा आकडाही मोठ्यानं वाचला, "चारशे बारा."

मियुश्कोचे कान लाल झाले. "आता तुझं उघड."

"अरे, कशाला उगाच..."

"उघड म्हणतो ना! की तुझ्या पणजोबाला स्क्रू टोचतात?"

ब्लागोतानं उघडलं. अंड्याचा आकार. वर मुकुट. त्यानं भिंग पुसलं, मग चष्मा पुसला. मुकुट हलला नाही.

"बोल की, पंडित! आकडा काय आहे?"

"चारशे तेरा."

ब्लागोतानं दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली. एका पेटीतली, एका दुकानातली, एकाच दिवशी घेतलेली जोडी. म्हणजे ज्यानं भाऊ मारला आणि ज्याचा भाऊ मेला, ते दोघं सलोख्यानंतर काही वर्षांनी खांद्याला खांदा लावून बंदरावरच्या दुकानात गेले होते.

"मग खरं कुठंय?" मियुश्कोनं हळूच विचारलं.

"देव जाणे. टाकलं असेल दोघांनी मिळून एखाद्या दरीत. घरात राहिलं असतं तर पोरांचं रक्त पुन्हा तापलं असतं."

"आणि खिळा रिकामा दिसू नये म्हणून ही?"

"हो, आणि ठरवलं असणार, 'तू तुझ्या घरी सांग, मी माझ्या घरी सांगतो.'" ब्लागोतानं भिंग टेबलावर टाकलं. "अरे, सही करता न येणाऱ्या दोन धनगरांनी मला गंडवलं रे! आणि मी जगाला अक्कल शिकवत हिंडतो. गाढव आहे मी, भिंगवालं गाढव." त्याला हसू येत होतं आणि रडूही, आणि त्यातलं काही त्याला आवरता येईना.

त्यानं दोन्ही मुठींच्या पट्ट्या परत बसवल्या आणि स्क्रू घट्ट आवळले. मग नेवेनाबाईंना फोन लावला.

"बाई, ठरवता येत नाही. डोळे गेले माझे. पिस्तुलं घरीच राहू देत."

बाई वैतागल्या. पलीकडचा आवाज टेबलापर्यंत ऐकू आला, "अहो, लोकांची पिस्तुलं पटापट खोटी ठरवता आणि घरचं ओळखता येत नाही? मग कसले हो तुम्ही जाणकार?"

ब्लागोतानं मान खाली घातली. मीटर वाचणाऱ्याला मिळालेली तेवढी एकच पदवी होती, ती गेली.

मियुश्कोनं त्याच्या हातातून फोन हिसकावला. "ओ बाई! माझ्या कूमला असं बोलायचं नाही! पिस्तूल त्याच्याएवढं कुणाला कळत नाही या डोंगरात. त्याला बरोब्बर कळलंय, म्हणूनच तो गप्प बसलाय!"