शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसात प्रेमानंदच्या हातून कर्जाचा कागद सहजासहजी सुटत नाही. फायनान्स कंपनीत दुचाकीचं, दुकानाचं कर्ज द्यायचं की नाही, हे तो ठरवतो. पगाराची पावती खोटी असेल तर त्याला वासावरून कळतं, असं आम्ही म्हणतो. हाच गडी कागद चाळता चाळता ओठ हलवायला लागला, की मी शेजारच्या टेबलावरून ओळखतो. कर्जदार गेला उडत, गाणं आलं.

त्याच्या दोन्ही कामांचा हंगाम एकदमच येतो, हे त्याचं नशीब. मार्चअखेरीला ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते, आणि चौदा एप्रिलच्या भीमजयंतीसाठी गायन पार्ट्यांना नवी गाणी नेमकी त्याच महिन्यात हवी असतात. प्रेमानंद डबा अर्धा खातो आणि जिन्यात जाऊन मोबाइलमध्ये चाल गुणगुणून ठेवतो. कुरकुरताना मी त्याला कधी पाहिलं नाही. उलट मार्चमध्ये त्याच्या तोंडावर जी तकाकी असते ती बोनस मिळाल्यावरही नसते.

मात्र ही गाणी तो स्वतः गात नसे. नंदनवन भागात त्याच्याच वस्तीत राहणारे ताराचंद गात. या गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायची रीत आहे. तिथे प्रेमानंद ताराचंदचंच नाव घालून द्यायचा. कारण एकच, त्याची आई बायजाबाई.

त्याचे वडील गोपाळराव गायन पार्टीत गायचे. गावोगाव फिरून गळ्यात हार घालून घरी यायचे, आणि घरात पीठ नसायचं. बायजाबाईंनी विड्या वळून पोराला शिकवलं. नवरा गेल्यावर त्यांनी पेटी विकून टाकली आणि पोराकडून कबूल करून घेतलं, की गाण्याच्या नादी लागायचं नाही. आईला दुखवायचं नाही म्हणून त्याने शब्द दिला. गाणं काही त्याचं ऐकेना.

गंमत पुढेच आहे. ताराचंदच्या नावावरचं एक गाणं म्हातारीला फार आवडायचं. विड्या वळून लेकराला शिकवणाऱ्या मायचं. मोबाइलवर ते लागलं की ती डोळ्याला पदर लावायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, "ज्यानं हे लिवलं, त्याच्या मायनं लय सोसलं असंन गा." प्रेमानंद तिच्याकडे पाठ करून पंख्याचं बटण चाचपत राहिला. पंखा चालूच होता.

यंदा ताराचंद अडून बसले. "मले आता लाज वाटून राहिली गा. तुयं गाणं अन् मायं नाव. यंदा तू गाय, अन् तुयं नाव टाक."

"माय समोरच बसते ना भाऊ."

"बसू दे. असा लपून किती दिवस राहशीन?"

जयंती येईपर्यंत प्रेमानंद ऑफिसात कागद उलटे धरून बसायचा. शेवटी त्या संध्याकाळी चढला स्टेजवर. बायजाबाई बायकांत पुढेच होत्या. तो तेच मायचं गाणं गायला, चांगलं गायला, आणि शेवटच्या कडव्यात त्याने स्वतःचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मी म्हातारीकडे पाहिलं, तर ती उठून घराकडे निघाली होती.

आम्ही मागोमाग घरी पोचलो. मला वाटलं, शब्द मोडला म्हणून रागावली असेल. ते भलतंच निघालं.

"लोकाच्या गाण्यात आपलं नाव घुसाडलं?" ती म्हणाली. "पगार पुरत नाही का तुले? चोरी काहून केली?"

"मायंच गाणं आहे वं माय."

"तुयं? त्या गाण्यात ताराचंदचं नाव आहे, हे लहान लेकरायले बी पाठ आहे."

प्रेमानंदची बायको हर्षा म्हणाली, "आई, खरंच यायनंच लिवलं."

"तू त त्याचीच बाजू घेशीन." म्हातारी जमिनीवर बसली. "तुयं असंन त बनव एक. आता. माह्यासमोर."

ऑडिटरला गार करणारा माणूस आईसमोर घामाघूम झाला. शब्द मोडल्याचा राग परवडला, पण चोर ठरायचं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. हर्षाने परात पालथी घातली आणि ताल धरला. प्रेमानंद ऑफिसातल्यासारखे ओठ हलवायला लागला. मग तो अडखळत सुरू झाला.

*बोटं झिजली मायची, विडी वळता वळता,*
*आवाज बसला बापाचा, गावं फिरता फिरता,*
*एकाच गळ्यात बसले दोघं, सूर लागता लागता…*

इथे तो थांबून आईकडे बघायला लागला. नावाची ओळ राहिली होती. हर्षाने ताल सोडला नाही. मला तर कुठे बघावं तेही कळेना. तेवढ्यात म्हातारीने डोळे मिटले. उभ्या जन्मात जिने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं, तिने बसक्या आवाजात, अगदी तालावर, ती ओळ पुरी केली.

*गोपाळाचा प्रेमानंद गाते, मायले भेता भेता.*

प्रेमानंद लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं, स्वतःचेही डोळे पुसले.

"आता भेऊ नको," ती म्हणाली. "अन् जेवून घे. सकाळी हापिस आहे ना तुले?"