अरबी मजकूर ग्राह्य

कुवेतला आल्यापासून सांगलीच्या प्रत्येक लग्नात मी एकच वाक्य ऐकत आले आहे. "तुझं बाई बरं आहे, टॅक्सच नाही!" पंगतीत पानावर बसलेलं असताना कुणाशी वाद घालायचा? मी हसून पुढचा घास घ्यायचे. आणि मग मागच्या वर्षी भारतातल्या आयकर खात्याची नोटीस मेलवर येऊन पडली.

तुम्ही भारतातच राहता असं आमच्या नोंदींवरून दिसतं, तर परदेशातला पगार का दाखवला नाही, असा सवाल होता. घोळ एवढाच की बँकेतलं माझं लग्नाआधीचं खातं अजून साधंच होतं. ते अनिवासी करून घ्यायचं राहून गेलं होतं. मी स्वतः अकाउंटंट. शहराबाहेरच्या मीना अब्दुल्ला भागातल्या एका कंत्राटदार कंपनीत दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. त्यामुळे चिडायचं तरी कुणावर, हाही प्रश्नच होता.

माझा मावसभाऊ सांगलीत सी.ए. आहे. त्याला फोन लावला.

"ताई, तू तिथली टॅक्स रेसिडेंट आहेस असा तिथल्या सरकारचा दाखला आण. सोबत नोकरीचा करार जोड."

"अरे, इथे पगारावर टॅक्सच नाही. दाखला कसला देतील?"

"तसाच देतात."

"म्हणजे, ही बाई आमच्याकडे न लागणाऱ्या टॅक्सची रहिवासी आहे, असा?"

"साधारण तसाच," तो गंभीरपणे म्हणाला.

आमच्या कंपनीत सरकारी कचेऱ्यांची कामं करायला एक मंदूब आहे, इजिप्तचा. त्याला विचारलं तर तो आधी पोटभर हसला. "मदाम, कुवेत में दरीबा माफी!" दरीबा म्हणजे कर आणि माफी म्हणजे नाही. इतक्या वर्षांनंतरही माझ्या मराठी कानाला तो शब्द सरकारनं दयाळू होऊन दिल्यासारखा ऐकू येतो. हसून झाल्यावर त्यानं मला शहरातल्या अर्थखात्याच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, अर्ज कंपनीच्या सहीनं हवा. कंपनी म्हणाली, तुमचा खासगी मामला आहे, आम्ही सही कशी करणार? मी पुन्हा खिडकीवर गेले, तर त्या दिवशी ती मुलगी रजेवर आणि तिच्या जागी बसलेल्या माणसाला असा काही दाखला असतो हेच माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा, आणि मीना अब्दुल्लाहून शहरापर्यंतचं ते ऊन.

याच सुमारास मला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. फरवानियातली एक फर्म, आमच्या रिग्गईच्या घरापासून दहा मिनिटांवर. माझी मुलगी दुपारी शाळेतून येते तेव्हा शेजारच्या मल्याळी काकूंकडे बसते. ही नोकरी मिळाली असती तर जेवायला मी घरी पोचले असते. मुलाखत छान झाली. कधी येऊ शकाल, असं त्यांनी विचारलं. माझ्या इंग्रजी ऑफर लेटरमध्ये एक महिन्याची नोटीस होती. मी बिनदिक्कत सांगून टाकलं, "एका महिन्यात."

राहता राहिला मावसभावाला हवा असलेला करार. तो अरबीत होता, आल्या आल्या सही करून दिलेला. भाषांतरासाठी मी बाजारातल्या टायपिंग सेंटरमध्ये गेले. मालक रत्नागिरीकडचे, मी त्यांना भाई म्हणते. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते वाचायला लागले.

"व्यवसाय, सेक्रेटरी."

"कोण सेक्रेटरी?"

"तुम्ही, ताई. तेव्हा कंपनीकडे त्याच कामाचा व्हिसा शिल्लक असेल. मनाला लावून घेऊ नका. मी इथे स्वयंपाकी म्हणून आलो. मला धड अंडं फोडता येत नाही."

मला हसू येणार तेवढ्यात त्यांनी पुढची ओळ वाचली. नोकरी सोडायची तर तीन महिन्यांची नोटीस.

"एक महिना असेल, भाई. नीट बघा."

त्यांनी नीट बघितलं. तीनच. आणि शेवटी अशीही ओळ होती की अरबी आणि इंग्रजी मजकुरांत फरक पडला तर अरबी मजकूर ग्राह्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एचआरच्या टेबलासमोर उभी राहिले. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एचआरचे गृहस्थ केरळचे, अतिशय सौम्य. संतापलेल्या माणसाला सौम्य माणसाइतकं कुणी छळू शकत नाही.

"मॅडम, कायदा ही तीन महीने का है। इंग्लिश वाला तो सिर्फ समझने के लिए होता है।"

"और मैं क्या समझी?"

त्यावर त्यांनी मला चहा मागवला.

एका महिन्यात सोडा, म्हणून मी विनवून पाहिलं. साहेबांकडेही गेले. वर्षअखेरीचे हिशेब आलेत, शक्यच नाही, असं उत्तर मिळालं. नव्या फर्मलाही वर्षअखेरीसाठीच माणूस हवा होता. माझी मुलाखत घेतलेल्या तिथल्या बाईंनी फोनवर फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि आठवड्याभरात दुसरं कुणीतरी घेतलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे, सोडून दे." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मुलीला सांगितलं तेव्हा ती टॅबवरची नजर न काढता म्हणाली, "इट्स ओके, मम्मा. आंटी मेक्स गुड डोसा." तिनं रडून गोंधळ घातला असता तर बरं वाटलं असतं.

या धावपळीत एकदाचा मावसभावाचा फोन आला. आवाज खुशीत होता. "ताई, काम झालं! तुझ्या पासपोर्टवरचे शिक्के आणि तिथलं ओळखपत्र पाठवलं होतं ना, तेवढ्यावर त्यांनी मान्य केलं."

"आणि तो दाखला?"

"लागलाच नाही."

"करार?"

"तोही नाही बघितला."

धाकटा भाऊ आहे, म्हणून मी फोन ठेवला.

करार मात्र मी सोडला नाही. वसंतात राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण आलं, तेव्हा लेखी कळवलं की माझा व्यवसाय बरोबर लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही. पदवीवर आणखी दोन ठिकाणचे शिक्के आणायला लावले, ते आणले. नोटीस तीन महिन्यांचीच राहिली, पण इंग्रजी कागदावरही तीनच महिने लिहून घेतले, म्हणजे निदान एकमेकांशी जुळणारे कागद. नवा करार हातात पडल्यावर म्हटलं, वाचून आणते.

"मॅडम, हम पर भरोसा नहीं?" एचआरच्या गृहस्थांना खरंच लागलं होतं.

"भरोसा है। अरबी नहीं आती।"

संध्याकाळी भाईंच्या दुकानात गेले. त्यांनी सगळा करार वाचला. पगार बरोबर, नोटीस बरोबर. व्यवसायापाशी आल्यावर ते थांबले.

"मुहासिब लिहिलंय. म्हणजे अकाउंटंट. पण पुरुष. बाई असेल तर मुहासिबा पाहिजे."

"फरक पडतो?"

"नाही पडत. सगळ्यांचं असंच लिहितात. पण तुम्ही विचाराल म्हणून सांगितलं. परत पाठवायचा?"

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि सही करून टाकली.