गोर्यान उतरेपर्यंत झाडू नाही

प्रिलेप गावातल्या तिच्या गल्लीत वेलिकाला झाडूशिवाय कुणी पाहिलं असेल तर शपथ. पण गुरुवारी सकाळी तिचा गोर्यान मामाकडे मेलबर्नला निघाला, वाट सुखाची जावी म्हणून तिनं उंबऱ्यातून त्याच्यामागे तांब्याभर पाणी ओतलं आणि झाडू पलंगाखाली सरकवला. गेलेला माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. सतरा वर्षांपूर्वी नवरा ट्रक घेऊन सलोनिकाला निघाला आणि ट्रक वळणावर असतानाच तिनं अंगण झाडलं होतं. तो घरी आला तो शवपेटीतून. तेव्हापासून ही बाई आतल्या आत झुरत होती, पण कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

आणि आता पोरगं पंधरा हजार किलोमीटरवर! तिकीट बघून तिनं बोटांवर मोजलं: गुरुवार सकाळचे नऊ ते शुक्रवार संध्याकाळचे सहा, म्हणजे तेहतीस तास.

शुक्रवारी वर्षभर पुरणाऱ्या आयवार चटणीसाठी मिरच्या भाजून सोलायच्या होत्या. धाकटी जाऊ लेंका सोलायला आली होती. जमिनीवर सालींचा नुसता चिखल. वेलिका सरपण घेऊन आत आली तर लेंका खुशाल झाडत होती.

"हात मोडोत तुझे, लेंके! पोरगं अजून हवेत आहे! सहा वाजायचेत!"

"अहो जाऊबाई, घसरून माझंच कंबरडं मोडलं असतं!"

तेवढ्यात फोन वाजला. वर गोर्यानचं नाव. घड्याळात बारा. वेलिका ओरडली, "आत्ताच कसा? काहीतरी झालं. झाडलंस ना, झालं बघ!" ती फोनला हात लावेना. शेवटी लेंकानंच तो उचलून तिच्या कानाला लावला.

"आई, पोचलो गं. मामाकडे जेवायला बसतोय."

"खोटं बोलू नकोस! तू सहाला उतरणार होतास!"

"इथले सहा गं! इथलं घड्याळ आठ तास पुढे आहे. पंचवीस तासांत आलो. इथे आता रात्रीचे आठ वाजलेत."

वेलिका मिरच्यांच्या खोक्यावरच बसली. "सुटले गं बाई, सुटले!" एकीकडे डोळ्यांतून धारा आणि एकीकडे हसू. फोन ठेवल्यावर म्हणाली, "म्हणजे तू झाडलंस तेव्हा तो जमिनीवर होता. वाचलीस, लेंके!"

लेंका दोन पावलं मागे सरकली. "मारू नका हं. मी कालही झाडलं होतं. दुपारी आले होते आणि तुम्हाला डुलकी लागली तेव्हा. सगळं घर."

वेलिकानं पुन्हा बोटांवर मोजलं. काल दुपारी पोरगं आभाळातच होतं. आणि आज मामाच्या घरी जेवतंय.

ती एक भाजलेली मिरची उचलून सोलू लागली. मग हळूच म्हणाली, "ते गेले त्या दिवशी मी अंगण झाडलं होतं, लेंका. ट्रक अजून दिसत होता."

"अगंबाई, आणि हे सतरा वर्षं पोटात ठेवलंत? ट्रकचे ब्रेक गेले होते, जाऊबाई! झाडूनं कधी ब्रेक जातात का?"

वेलिकानं रुमालानं नाही, मिरच्यांनी माखलेल्या हातानंच डोळे पुसले, आणि आग झाली म्हणून खदखदून हसली. मग हात पुढे केला.

"आण तो झाडू इकडे. तुला मेलीला कोपरे कधी झाडता आले नाहीत."