दादाच्या परीक्षानळीचा रंग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्याच माशांच्या टाकीत होते. गोंदियाच्या दवाखान्यात तो नऊ दिवस होता. जाताना मला बजावून गेला होता की रविवारी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, नवीन पाणी कोपऱ्यावरच्या नळाचंच आणायचं आणि एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं. नळाला नदीचं पाणी येतं, पण सकाळी तासभरच, आणि रांग असते. घरी बोरचं पाणी धो धो... मी तेच ओतत होते. फोनवर माझे जावई "मामाजी गेले" एवढंच बोलले. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की आता दादाला कळेल मी कोणतं पाणी घातलं ते.

मधुदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमगावच्या एका शाळेत प्रयोगशाळेची भांडी विसळत, रसायनं लावून ठेवत त्याची नोकरी सरली. लग्न केलं नाही. माझा नवरा वारल्यावर लेक पल्लवीला घेऊन मी त्याच्याचकडे आले. माणूस सोन्यासारखा, पण इतका भित्रा की विचारू नका. गॅसची नळी दिवसातून चारदा हुंगायचा. कचारगडला आम्ही सगळे गुहेत गेलो, हा बाहेर चपला राखत बसला, वरून दगड पडेल म्हणून. आम्ही त्याची फार थट्टा केली. आता ती आठवली की मान खाली जाते.

निवृत्तीनंतर त्यानं ही टाकी मांडली. आत मासे थोडे आणि हिरवी झाडंच जास्त. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं कुजतं, त्याचं शेवटी नायट्रेट होतं, ते झाडं खातात, आणि झाडांना न संपलेलं आपण पाणी बदलून काढायचं, असं तो मला जेवताना समजावायचा. मोजायला त्याच्याकडे दोन औषधांच्या बाटल्या, एक परीक्षानळी आणि रंगांचं कार्ड होतं. नळी निव्वळ पिवळी राहिली तर झाडं उपाशी, लाल झाली तर मासे हैराण. त्याला केशरी हवी असायची. दुसऱ्या बाटलीतलं औषध तळाला बसतं, म्हणून ती तीस आकडे मोजेपर्यंत जोरात हलवायचा, आणि एखादा आकडा राहिला असेल या भीतीनं पुन्हा एकपासून सुरू करायचा.

पल्लवी बाळंतपणाला आली. दूध पुरेना म्हणून बाळाला डब्यातली पावडर सुरू केली. एक दिवस दादा लाल नळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"बाई, बाळाले बोरचं पानी नको देऊ."

"उकळून देऊन राहिली ना मी!" मी म्हटलं.

"उकळल्यानं हे नायट्रेट जात नाही. पानी आटते, हे तसंच राहाते. बाजूच्या धानाच्या बांदीत युरिया पडते, तो खाली मुरते. लहान लेकराच्या रक्ताले हे सोसत नाही, अंग निळं पडते."

"काऊन भेव दाखवून राहिला रे? तुले तर आपल्या सावलीचंबी भेव वाटते."

दुसऱ्या दिवसापासून तो नळाचं एक कॅन जास्त आणू लागला आणि मुकाट्यानं पल्लवीच्या चुलीपाशी ठेवू लागला. तो दवाखान्यात गेला आणि ते कॅन बंद झालं.

तेरवी झाली. मासे तळाशी बसून राहू लागले, खाईनात, काचेवर हिरवं शेवाळ चढलं. दादाची एवढीच जिवंत वस्तू माझ्या हातून जाणार, या धाकानं मी नळीत थेंब टाकले. रंग पिवळा! म्हटलं, बघा, उगाच भीत होता. आठवडा असाच गेला. मग त्याचं टेबल पुसताना ती दुसरी बाटली उजेडात धरली, तर तळाशी गाळ. मी ती हलवलीच नव्हती... तीस आकडे मोजून हलवली, पुन्हा थेंब टाकले. नळी लाल. घाबरून अर्धी टाकी रिकामी केली, पुन्हा भरली. बोरनंच, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी रंग आणखी गडद.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नुसतं बोरचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि खुर्चीवर बसले. रंग यायला पाच मिनिटं लागतात. स्वयंपाकघरात पल्लवी दुधाची बाटली हलवत होती, तिचा खळखळ आवाज येत होता. नळी केशरी झाली, मग लाल, मग वीटकरी. धावत जाऊन बाटली तिच्या हातातून ओढली, दूध माझ्या पदरावर सांडलं. पल्लवी म्हणाली, "आई, काय झालं वो?" मी बाळाचे ओठ बघत होते. निळे आहेत की नाहीत, मला कळेना.

गोंदियाला जाईपर्यंत मी त्या बाळाची नखं पन्नासदा बघितली असतील. डॉक्टरांनी बाळाच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, ओठ, जीभ बघितली. "बच्ची ठीक है. पर वो पानी आज से बंद." तिथल्या बाकावर बसून मी रडले. दादा गेला त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

टाकी अजून त्याच्याच खोलीत आहे. दोन मासे गेले, बाकीचे खाऊ लागलेत. रोज सकाळी मी दोन कॅन घेऊन नळाच्या रांगेत उभी असते, एक बाळाचं, एक माशांचं. रविवारी नळी काढते, बाटली हलवते, तीस मोजते. काल पल्लवी दारातून बघत होती. "आई, तूबी मामासारखीच भित्री झाली."

तिच्या कडेवर बाळ झोपलं होतं. मी त्याचे ओठ बघितले, बाटली पुन्हा उचलली आणि एकपासून मोजायला लागले.