रोज नवी नेमणूक

रामघाटावरून रोज सकाळी ज्याच्या नावेतून मी पलीकडच्या वाळूत फिरायला जातो, त्या नावाड्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. छाती अशी, की गंगेनं बाजूला सरून वाट द्यावी. त्याची अम्मा मात्र माझ्या करंगळीएवढी. जन्मभर ही बाई कुणाला 'अरे' म्हणाली नव्हती. पण विसरण्याचा आजार जडला आणि एकाएकी पालटली. पोटच्या पोरालाच "चोर! हमरे मरद की नाव चुरा लिया!" म्हणत ती अशा शिव्या घाली, की शिंदे घाटावरची माकडं कानांवर हात ठेवून पळत. मी स्वतः पाहिलंय!

"अम्मा, हम तोहार बेटा," असं त्यानं समजावलं की ती वल्हंच उगारी. शेवटी त्यानं नाद सोडला. आता रोज सकाळी हात जोडून तिच्याकडे नोकरी मागतो. ती त्याचे दंड चाचपते, "गांजा तो नहीं पीता?" विचारते आणि ठेवून घेते.

"वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"लगता है, भैया. पर रोज रख तो लेती है."

परवा मात्र तिनं नकारार्थी मान हलवली. "ना रखब. हमार बेटवा आवत होई, उहे नाव चलाई."

नावेत बसलेले आम्ही उशीर होतोय म्हणून ओरडत होतो. त्याला ऐकूच गेलं नाही. तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"ठीक है, अम्मा. हमहूँ राह देखत हईं."

आणि दोघंही घाटावर उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसली.