आत्याच्या कॉमिक्सवर सगळ्यांचा हक्क

आत्याला इंग्रजी आलं ते कॉमिक्समधून, त्यामुळे सुरुवातीला तिला फक्त कॅपिटल अक्षरं यायची. त्या पुस्तकांत माणसं जे बोलतात ते फुग्यांत सगळं कॅपिटलमध्येच छापलेलं असतं. शाळेत बाईंनी लहान लिपी शिकवायला घेतली तेव्हा तिला वाटलं, ही कुठली तरी निराळीच भाषा आहे. हे ती स्वतःच हसत सांगायची.

माझे आजोबा देवळाली कॅम्पला एका बंगल्यावर माळी होते. मालक मुंबईचे. उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर हवापालटाला यायचे. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. तो अमेरिकेहून कॉमिक्स आणायचा, व्हरांड्यातल्या खुर्चीत पडून वाचायचा आणि तिथेच टाकून निघून जायचा. मग ती जायची बंबात, सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायला. आत्या तेव्हा असेल दहा-अकरा वर्षांची. आजोबांच्या मागे गुलाबांना पाणी घालायला जायची. एका सकाळी बंबापाशी रचलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक तिनं उघडलं. एक माणूस झगा पसरून इमारतीवरून उडत होता आणि खाली सगळं शहर तोंड वर करून बघत होतं. ती तिथेच उकिडवी बसून बघत राहिली. बंगल्यातल्या बाईसाहेबांनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, आवडलं तर घेऊन जा. पुढे त्या मुद्दाम तिच्यासाठी गठ्ठा बाजूला काढून ठेवू लागल्या.

बाईसाहेबांनी पुस्तकं तिला दिली, आजोबांना नाही. हे मी इथेच स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे यावरूनच सगळं झालं.

आत्याला तीन भाऊ. दोघे थोरले, धाकटे माझे वडील. तिच्या हातात कॉमिक दिसलं की घरात थट्टा सुरू व्हायची. मुलीच्या जातीनं ही चड्डीवाल्यांची चित्रं काय बघायची, असं थोरले काका म्हणायचे. आजीला काळजी वेगळीच होती. एकदा आत्याला बघायला सिन्नरकडची मंडळी आली. चहापोहे झाले, आणि मुलाच्या आईनं सहज आत्याच्या कॉमिक्सच्या ट्रंकेचं झाकण उचललं. नंतर निरोप आला की मुलगी अजून पोरकट आहे. पुढे दोन-तीन स्थळं निरनिराळ्या कारणांनी मोडली, पण घरात सगळ्यांचं खापर त्या ट्रंकेवर फुटलं. आत्याचं लग्न झालं नाही. तिला त्याचं दुःख होतं की नव्हतं, हे मला कधी कळलं नाही. तिनं कधी दाखवलं नाही, एवढं खरं.

पण त्याच इंग्रजीच्या जोरावर तिला टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी लागली. त्या नोकरीवर थोरल्या काकांचं पहिलं दुकान उभं राहिलं, मधल्या काकांची परीक्षेची फी भरली गेली, आणि माझ्या वडिलांचं लग्न झालं. तेव्हा कॉमिक्स कुणाला खुपली नाहीत.

माझ्या आठवणीतली आत्या जेलरोडच्या दोन खोल्यांतली. नव्वदच्या दशकात आम्ही भावंडं मे महिन्यात तिच्याकडे राहायला जायचो. दुपारी जेवणं झाली की ती ट्रंक पुढे ओढायची. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कापराच्या वड्या असायच्या. आधी साबणानं हात धुवायचे, कोरडे करायचे, आंबा खाल्लेल्या हातानं जवळ यायचं नाही. पुस्तक मांडीवर सपाट ठेवायचं, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. ती मोठ्यानं वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. नायकांना तिनं आपली नावं ठेवली होती. झगेवाला, विजेवाला, आणि भिंतीतून आरपार जाणारी एक होती ती पारूबाई. पारूबाई आम्हाला इतकी आवडायची की माझी धाकटी बहीण खरोखरच एकदा भिंतीवर जाऊन आपटली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आत्याचं नाव होतं, लहानपणीच्या वेड्यावाकड्या कॅपिटल अक्षरांत, निळ्या शाईनं.

आजी-आजोबांना शेवटी तिनंच सांभाळलं. ते गेल्यावर भगूरच्या वाटेवर आजोबांनी बांधलेलं छोटं घर आणि मागची मोकळी जागा राहिली. काका म्हणाले, मुलींनी माहेरात वाटा मागायची आपल्याकडे पद्धत नाही. आत्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली आणि दुपारच्या पाळीला कामावर गेली. मी तेव्हा शाळेत होते. वडिलांनी घरी येऊन आईला सांगितलं की ताईनं काही कटकट केली नाही. त्या जागेवर पुढे तीन मजली इमारत झाली. तिच्यात आत्याला एक खोलीसुद्धा कुणी विचारली नाही.

मग इंटरनेट आलं. थोरल्या काकांच्या मुलानं कॉलेज रोडला सायबर कॅफे काढला होता. एक दिवस त्याला कुठल्याशा परदेशी साइटवर एक मुखपृष्ठ दिसलं आणि ते त्याला ओळखीचं वाटलं. लहानपणी आत्याच्या मांडीवर पाहिलेलं. त्याखाली मागितलेली किंमत वाचून त्यानं आधी वडिलांना फोन केला, मग आमच्या घरी. आत्याला केला नाही.

त्या रविवारी सगळे तिच्याकडे जमले. एरवी कुणी फिरकत नसे. आम्ही पेढे घेऊन गेलो होतो, कशाचे ते मला आजही सांगता येणार नाही. चुलतभावानं मुंबईचा एक गृहस्थ बरोबर आणला होता. तो जुन्या कॉमिक्सचा संग्रह आणि व्यापार करायचा. माणूस बोलायला गोड होता. त्यानं खिशातून पांढरे हातमोजे काढले, जमिनीवर बसला आणि एकेक पुस्तक असं उचलू लागला जणू नुकतंच जन्मलेलं पोर आहे. आत्या कौतुकानं बघत होती. माझ्या मते तिला बरं वाटलं असणार. तिच्या घरात येऊन तिच्या पुस्तकांना इतक्या आदरानं हात लावणारा तो पहिलाच पाहुणा.

मग त्यानं पहिलं पान उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"यावर नाव कुणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"मी," आत्या म्हणाली.

तो भावांकडे वळून म्हणाला की अशा खराब केलेल्या प्रतीची किंमत पडते, पण शाई काढणारी माणसं मुंबईत आहेत. एकदा नाव काढलं आणि पुस्तक प्लास्टिकच्या पेटीत सील केलं की चांगलं गिऱ्हाईक मिळेल. आत्यानं विचारलं, सील केल्यावर वाचायचं कसं? तो म्हणाला, ही आता वाचायची वस्तू राहिलेली नाही. माझे वडील त्याच्याबरोबर हसले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि तिथून उठून जावंसं मला वाटलं.

आत्यानं शांतपणे सांगितलं की तिला काही विकायचं नाही. त्यावर थोरल्या काकांनी घसा खाकरला. म्हणाले, विकायचं की नाही हे तू एकटीनं ठरवून कसं चालेल? बाबा त्या बंगल्यावर नोकरीला होते म्हणून ही पुस्तकं घरात आली. म्हणजे ती वडिलोपार्जित झाली. चौघांचा सारखा हक्क आहे. मधल्या काकांनी मान डोलावली. माझ्या वडिलांनी खाली बघितलं, पण नाहीही म्हटलं नाही.

आत्या पुस्तकं एकावर एक रचत होती. ती थांबली.

"घराच्या वेळी मी बाबांची कुणी नव्हते," ती म्हणाली. "आज पुस्तकांच्या वेळी तुम्ही तिघं बाबांचे झालात. या आता."

एवढंच. आवाज चढवला नाही. तिनं ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली मंगळवारच्या बाजाराच्या पिशवीत टाकली आणि चहाचे कप गोळा करू लागली. आम्ही निघालो. गाडीत वडील म्हणाले की ताईचा स्वभाव हल्ली फार तापट झालाय. मी विचारलं, तिचं चुकलं काय? आईनं मागे वळून मला गप्प बसायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात आत्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती आठवडाभर दवाखान्यात होती. घराची एक किल्ली तिनं आईकडे ठेवली होती, तुळशीला पाणी घालायला. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तिला मोसंबीचा रस पाजत होते आणि त्याच दिवशी माझ्या वडिलांनी ती किल्ली थोरल्या काकांच्या हातात दिली. ट्रंक सुरक्षित ठिकाणी हलवायची आहे, असं म्हणे काकांनी सांगितलं होतं. वडिलांनी त्यावर विश्वास ठेवला असेल, असं मी खूप दिवस स्वतःला समजावत होते. आता समजावत नाही. सुरक्षित ठिकाणी हलवायची होती तर आत्याला विचारता आलं असतं. दवाखाना पायी जाण्यासारखा होता.

ती घरी आली तेव्हा पलंगाखाली ट्रंकेच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, बाकी सगळीकडे धूळ. टाके ओले होते, तरी ती खाली वाकली आणि तिथे हात फिरवत राहिली. मी थोरल्या काकांना फोन लावला. काका म्हणाले, व्यवहार झाला, माल मुंबईला गेला. तिचा वाटा काढून ठेवलाय, उगाच तमाशा करू नका. माल, असा शब्द वापरला त्यांनी.

मी आत्याला म्हटलं, आपण पोलिसांत जाऊ. गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, म्हणजे भावांनी लहान मुलांची पुस्तकं नेली? बाजूला बसलेला हवालदार हसला. घरातलं घरात मिटवा, असा सल्ला मिळाला. सोन्याची पाटली गेली असती तर ते असे हसले नसते. पाटलीच्या दसपट मोलाचा ऐवज होता, आणि भावांना ते पक्कं माहीत होतं म्हणूनच नेला होता. पण आत्यानं मोल सांगायचं नाकारलं. ती एवढंच म्हणाली, "ती माझी आहेत. मला ती परत हवीत."

मग मी मुंबईच्या त्या गृहस्थाला गाठलं. त्यानं दोन महिन्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका कुरिअरनं पाठवला. त्यात मुखपृष्ठ फाटलेली, पानं सुटलेली अशी काही पुस्तकं होती, ज्यांना गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. बाकीची केव्हाच परदेशी गेली होती. फोनवर तो म्हणाला की मालकी कुटुंबाची आहे असं त्याला सांगण्यात आलं होतं. मी त्याला विचारलं, ज्या बाईनं तुमच्यासमोर नाही म्हटलं ती तुम्हाला कुटुंबात दिसली नाही का? त्यानं फोन ठेवला.

खोक्यात पारूबाईचं एक निघालं, शेवटची पानं नसलेलं. आत्यानं गव्हाच्या खळीनं सुटलेली पानं चिकटवली. शेजारच्या मुली दुपारी तिच्याकडे यायच्या, त्यांना ती वाचून दाखवायची आणि शेवट तोंडानं सांगायची. तो तिला पाठ होता. या मुलींसाठी तिनं साबणाचा नियम सैल केला. मी विचारलं तर म्हणाली, आता कुणासाठी जपायची?

वडील एकदा तिचा वाटा पाकिटात घालून घेऊन गेले. तिनं दार उघडलं, पाकिटाकडे पाहिलं आणि त्यांना पाणी विचारलं. वडील पाणी प्यायले. मग तिनं दार लावून घेतलं. ते पाकीट वडिलांनी परत आणलं, आणि त्याचं पुढे काय झालं हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. आमचं स्वयंपाकघर त्याच वर्षी नवं झालं.

त्या दिवाळीत आत्यानं भावांना ओवाळलं नाही, आणि नंतर कधीच ओवाळलं नाही. थोरले काका आजारी होते तेव्हा ती भेटायला गेली, फळं घेऊन गेली, उशाशी बसली. पण भाऊबीजेला गेली नाही.

माझे वडील आता म्हातारे झालेत. कुणी पाहुणे आले की अजून सांगतात, चित्रांच्या पुस्तकांपायी बहिणीनं नातं तोडलं हो. पाहुणे चुकचुकतात. मी चहा घेऊन बाहेर येते आणि दर वेळी, पाहुण्यांसमोरच, म्हणते की नातं चोरीपायी तुटलं, आणि किल्ली आपल्या घरातून गेली होती. वडील टीव्हीचा आवाज वाढवतात. आई म्हणते, किती वर्षं तेच तेच धरून बसणार आहेस?

मी धरून बसणार आहे. कुणीतरी बसायला हवं.