एका ताटापुरत्या शेवया

मेडशीच्या मनकर्णाबाईनं साठीला टेकल्यावर आपली चूल वेगळी मांडली, तेव्हा गावानं सरळ सुनेला बोल लावला. पण घरात भांडण काहीच नव्हतं. मनकर्णाबाईच एका सकाळी मुलाला म्हणाली, "विकास, मले मागच्या खोलीत एक शेगडी देजो. मी माह्यापुरतं करून खाईन."

कारण तिला धड सांगता येईना. लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्यांच्या मागून जेवली, तेही उरलंसुरलं. "आजी, तुले काय आवडते?" असं परवा नातीनं विचारलं, तर ती घरातल्या सगळ्यांच्या आवडी सांगत बसली, स्वतःची सोडून. तेव्हापासून वेगळ्या चुलीचं मनात घोळत होतं.

पहिल्याच दुपारी ऊन रणरणत होतं. तिनं डब्यातून घरच्या शेवया काढल्या. सवयीनं ओंजळभर आल्या, अर्ध्या परत टाकल्या. शिजल्या तशा चाळणीत निथळल्या. दूध-गूळ नको वाटलं, गरमही नको. वरून माठातलं गार पाणी ओतलं. काकडी-कांदा बारीक चिरला, दाण्याचा कूट, हिरवी मिरची, मीठ घालून कालवलं, त्यावर आख्खं लिंबू पिळलं.

बसली, तोच उठली. पलीकडे सुनेच्या तव्यावर पोळी फुगत होती. आपण तिथं वाढायला हवं, असं वाटलं. परत येऊन टेकली. पुन्हा पाण्याला उठली.

तेवढ्यात सून योगिनी दारात आली, डोळे लाल. "आई, माह्यं काय चुकलं? शेजारची हिरीबाई नळावर सगळ्यायसमोर म्हणे, सासूले उपाशी मारतं काय!"

"तुह्यं काई नाई चुकलं व. मले एकदा आधी जेवून पाहाचं होतं."

योगिनी उभीच राहिली. मनकर्णाबाईचा हात ताट तिच्याकडे सरकवायला निघाला. तिनं तो आवरला आणि सुनेच्या देखत घास घेतला. आंबट, गार, दाताखाली काकडी. पण चार घासांच्या पुढे बसवेना. ताट झाकून, पदर डोक्यावर घेऊन ती तशीच उन्हात हिरीबाईच्या दारी गेली.

"माह्या सुनेले बोलू नको. चूल मीच मांगली."

"काहून व? एकटीले जेवण जाते काय?"

"आज नाई गेलं धड," मनकर्णाबाई म्हणाली. "उद्या पाहू."

आणि हिरीबाई बस म्हणाली तरी न बसता ती भरभर घराकडे वळली.